सर्व्हर-विन्यास व्यवस्थापन : मुक्तस्रोत साधनांचा इतिहास

संगणकजालातून इतर संगणकांना माहिती, गणन किंवा साठवण यांची सेवा पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. असे अनेक सर्व्हर कोणत्या स्थितीत असावेत, त्यांवर कोणती आज्ञावली कोणत्या आवृत्तीची असावी, कोणाला प्रवेश असावा, कोणत्या सेवा चालू व कोणत्या बंद असाव्यात, हे लिहून ठेवून त्या लेखाप्रमाणे सर्व संगणकांची मांडणी यंत्राकरवी करून घेणे व ती टिकवून धरणे, या पद्धतीस विन्यास व्यवस्थापन असे म्हणतात. या कामाची बहुतेक प्रमुख साधने मुक्तस्रोत पद्धतीने विकसित झाली आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता परवान्याच्या अटी पाळून कोणालाही वाचता, वापरता, बदलता व वाटता येते. या साधनांचा इतिहास सु. तीन दशकांचा आहे. त्यांत वेळोवेळी आलेली नवी वैशिष्ट्ये ही केवळ सोयीची भर नव्हे. आधीच्या सोयीतून उद्भवलेल्या एखाद्या धोक्यावरील तो उपाय असतो, असे या इतिहासावरून दिसून येते. महाराष्ट्राचा या इतिहासाशी तीन प्रकारे संबंध येतो : ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा एका साधनाच्या विकासाला लावलेला हातभार, पुण्यात चाललेले ॲन्सिबल या साधनावरील काम आणि नवी मुंबईत उभी राहिलेली माहिती-केंद्रे.

पूर्वपीठिका : १९७० पर्यंत संगणक हे मोठे, महाग व संख्येने थोडे असत. एका संस्थेत एक यंत्र व त्याची निगा राखणारे काही कर्मचारी अशी सर्वसाधारण स्थिती होती. यंत्राची मांडणी कशी केली आहे, हे त्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असे आणि काही अंशी वहीत लिहिलेले असे. १९८० नंतर युनिक्स प्रणालीवर चालणारे लहान संगणक विद्यापीठांत व प्रयोगशाळांत शेकड्यांनी आले व ते जालाने परस्परांस जोडले गेले. आता तीच मांडणी शेकडो यंत्रांवर करावी लागू लागली. बर्कली येथील युनिक्सच्या आवृत्तीत असलेले आरडिस्ट हे साधन एका संगणकावरील फायली अनेक संगणकांवर पोहोचवीत असे. त्याच्या जोडीला व्यवस्थापक स्वतः लहानमोठ्या आज्ञामालिका लिहीत.

आज्ञामालिकेचा मुख्य दोष असा की, ती पायऱ्या सांगते, अंतिम स्थिती सांगत नाही. पहिली पायरी चढताना यंत्र कोणत्या स्थितीत आहे, याविषयी तिने काही गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कोणी मध्यरात्री तातडीची दुरुस्ती केलेली असते, एखादे यंत्र त्या दिवशी बंद असते, तर एखाद्यावर मालिका अर्ध्यातच थांबलेली असते. परिणामी एकसारखी समजली जाणारी यंत्रे हळूहळू एकमेकांपासून भिन्न होत जातात. यास विन्यासाचे विचलन म्हणता येईल. विचलन बहुधा डोळ्यांना दिसत नाही. ते अपघाताच्या वेळीच उघडकीस येते.

मूलतत्त्व : या दोषावरील उपाय म्हणजे कृतीऐवजी अपेक्षित स्थितीचे वर्णन करणे. ‘दिव्याची कळ दाबा’ ही आज्ञा दोनदा पाळली, तर लागलेला दिवा विझतो. ‘दिवा लागलेला असावा’ हे वर्णन कितीही वेळा अमलात आणले, तरी दिवा लागलेलाच राहतो. आधीच लागलेला असेल, तर काहीही करावे लागत नाही. ज्या क्रियेची पुनरावृत्ती केली असता फलात फरक पडत नाही, अशा क्रियेचा अभ्यास गणितात एकोणिसाव्या शतकापासून होत आलेला आहे. विन्यास व्यवस्थापनाची सर्व साधने याच गुणधर्मावर उभी आहेत. साधन प्रथम यंत्राची प्रत्यक्ष स्थिती तपासते, लिखित वर्णनाशी ती ताडून पाहते आणि जेवढा फरक असेल तेवढाच दूर करते. [⟶ संगणक].

आद्य साधन : या तत्त्वावर आधारलेले पहिले प्रभावी मुक्तस्रोत साधन सीएफइंजिन हे होय. मार्क बर्जेस या भौतिकीविज्ञांनी ते १९९३ मध्ये नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात तयार केले. निरनिराळ्या बनावटींच्या युनिक्स संगणकांसाठी वेगवेगळ्या आज्ञामालिका लिहिण्याचा त्रास वाचविणे, हा त्यामागील तात्कालिक हेतू होता. यंत्र वारंवार इष्ट स्थितीकडे परत येत राहिले पाहिजे, ही कल्पना बर्जेस यांनी मांडली आणि १९९८ मध्ये तिची तुलना सजीवांच्या रोगप्रतिकारशक्तीशी केली. शरीरात बिघाड कोठून आला, याची वाट न पाहता प्रतिकारयंत्रणा तो दुरुस्त करू लागते, तसेच संगणकानेही करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे त्यांनी प्रत्येक यंत्र आपल्या स्वतःच्या वर्तनाविषयी काही वचने देते व व्यवस्था अशा वचनांतून उभी राहते, असा सिद्धांत मांडला. सीएफइंजिनची तिसरी आवृत्ती या सिद्धांतावर रचलेली आहे. याच दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात एलसीएफजी ही प्रणाली विकसित झाली. संपूर्ण विन्यास एका मध्यवर्ती ठिकाणी लिहून त्यावरून प्रत्येक यंत्राचे स्वतंत्र वर्णन तयार करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

क्वाटॉर व भाभा अणुसंशोधन केंद्र : जिनीव्हाजवळील सर्न या युरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणवेगवर्धकाची उभारणी चालू असताना त्यातून मिळणाऱ्या प्रचंड माहितीचे पृथक्करण कसे करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जगभरातील संगणक-केंद्रे जोडून एक जागतिक गणनजाल उभारण्याचे ठरले. २००१—०४ या काळातील युरोपीय डेटाग्रिड प्रकल्पात या केंद्रांमधील हजारो संगणकांच्या व्यवस्थापनासाठी क्वाटॉर हा मुक्तस्रोत साधनसंच तयार झाला. त्यात विन्यासाचे वर्णन पॅन नावाच्या खास भाषेत करीत. या भाषेचा विशेष असा की, वर्णनातील मूल्ये योग्य प्रकारची व योग्य मर्यादेतील आहेत की नाहीत, याची तपासणी ते वर्णन यंत्रांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच होत असे. चूक हजार यंत्रांवर जाण्याआधी ती कागदावरच पकडावी, हा विचार येथे ठळकपणे दिसतो.

भारताचा अणुऊर्जा विभाग व सर्न यांच्यातील सहकार्याचा करार १९९१ मध्ये झाला होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच वर्षापासून ‘अनुपम’ मालिकेतील समांतर संगणक बांधले जात होते. त्यामुळे अनेक प्रक्रियक एकत्र चालविण्याचा अनुभव तेथील अभियंत्यांपाशी होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या अभियंत्यांनी सर्नच्या गणनजालासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम अंगावर घेतले. त्यात क्वाटॉर संचातील सुधारणांचा, तसेच जालातील केंद्रांची उपलब्धता व माहितीची वाहतूक दर्शविणाऱ्या ग्रिडव्ह्यू या प्रणालीचा समावेश होता. सर्नला केवळ यंत्रभाग पुरविणारा देश एवढीच भारताची भूमिका नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. या गणनजालातील भारतीय केंद्रे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व कोलकात्याचे परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्र यांत आहेत. वेगवर्धकात पहिली कणशलाका १० सप्टेंबर २००८ रोजी फिरविण्यात आली. भारत जानेवारी २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

तथापि सर्नने २०१२ च्या सुमारास क्वाटॉर सोडून पपेट या साधनाकडे वळण्याचा निर्णय घेतला. बूडापेस्ट येथे दुसरे माहिती-केंद्र सुरू व्हावयाचे होते, पण त्या प्रमाणात मनुष्यबळ वाढणार नव्हते. स्वतःच जोपासलेल्या साधनाची दुरुस्ती स्वतःलाच करावी लागते व नव्या कर्मचाऱ्याला ते प्रथमपासून शिकवावे लागते. याउलट पपेटचे वापरकर्ते जगभर पसरलेले होते. क्वाटॉर त्यामुळे लोप पावले नाही. काही संशोधनसंस्थांनी व मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने त्याचा वापर व विकास चालू ठेवला. साधन गुणवान असणे पुरेसे नसते, त्यामागे जाणकारांचा समुदाय असावा लागतो, हा धडा या प्रसंगातून मिळतो.

पपेट, शेफ व सॉल्ट : पपेट हे साधन ल्यूक केनीझ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक सर्व्हरवर एक लहान प्रतिनिधी-आज्ञावली बसवावयाची, तिने ठरावीक काळाने—सामान्यतः दर अर्ध्या तासाने—मध्यवर्ती संगणकाकडे आपले वर्णन मागावयाचे व त्याप्रमाणे यंत्र दुरुस्त करावयाचे, अशी तिची कार्यपद्धती आहे. २००९ मध्ये ॲडम जेकब यांचे शेफ पुढे आले. त्यात विन्यासाचे वर्णन रूबी या संगणकभाषेतच लिहितात व त्यास ‘पाककृती’ असे नाव आहे. वर्णनासाठी संपूर्ण संगणकभाषा मिळाल्याने अभिव्यक्तीचे सामर्थ्य वाढले; परंतु ते वाचून अंतिम स्थिती काय होईल, हे सांगणे तेवढेच अवघड झाले. टॉमस हॅच यांनी २०११ मध्ये सॉल्ट तयार केले. एक आज्ञा हजारो यंत्रांना काही सेकंदांत पोहोचविणारे वेगवान संदेशवहन हे त्याचे वैशिष्ट्य होय.

याच सुमारास दोन बाह्य घटनांनी या साधनांना बळ मिळाले. २००५ मध्ये लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी तयार केलेल्या गिट या प्रणालीमुळे लेखातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, याची कायम नोंद राहू लागली. दुसरे असे की, २००६ पासून भाड्याने मिळणाऱ्या दूरस्थ संगणकांमुळे लहान संस्थांनाही दहा-वीस सर्व्हर क्षणात उभे करता येऊ लागले. विन्यास हा आता कर्मचाऱ्याच्या स्मरणातील विषय न राहता तपासता येण्याजोगा, परत फिरविता येण्याजोगा दस्तऐवज झाला. या व्यवसायातील हा सर्वांत मोठा बदल मानावा लागेल.

ॲन्सिबल : मायकेल डीहान यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ॲन्सिबल हे साधन प्रसिद्ध केले. हे नाव अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मध्ये एका कादंबरीत कल्पिलेल्या, ताऱ्यांमधील अंतरांवरून तत्क्षणी संदेश पोहोचविणाऱ्या उपकरणावरून घेतलेले आहे. डीहान यांनी आधीच्या साधनांतील दोन अडचणी हेरल्या होत्या. पहिली म्हणजे प्रत्येक यंत्रावर प्रतिनिधी-आज्ञावली बसविणे, ती अद्ययावत ठेवणे व तिच्या परवलीच्या किल्ल्या सांभाळणे हेच एक वेगळे काम होऊन बसे. दुसरी म्हणजे वर्णनाची भाषा शिकण्यास बराच वेळ लागे. ॲन्सिबलने युनिक्स संगणकांवर आधीपासूनच असलेल्या एसएसएच या सुरक्षित संपर्कमार्गाचा उपयोग केला आणि यॅमल या साध्या मजकूर-पद्धतीत वर्णने लिहिण्याची सोय केली. या वर्णनांस प्लेबुक म्हणतात. संगणकभाषांची फारशी ओळख नसलेल्या व्यवस्थापकासही प्लेबुक वाचून आशय समजतो. साधनाच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे हे एक प्रमुख कारण आहे.

रेड हॅट कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲन्सिबल विकत घेतले आणि जुलै २०१९ मध्ये रेड हॅट स्वतः आयबीएमच्या मालकीची झाली. रेड हॅटचे पुणे येथे अभियांत्रिकी केंद्र असून, जालातील राउटर, स्विच इ. उपकरणांचा विन्यास ॲन्सिबलने करण्यासाठी लागणाऱ्या घटकांच्या विकासात तेथील अभियंत्यांचा सहभाग राहिला आहे. ट्रॉम्बे येथे एका दशकापूर्वी सरकारी प्रयोगशाळेच्या आश्रयाने झालेले काम पुण्यात खाजगी कंपनीच्या आश्रयाने चालू राहिले, असे म्हणता येईल; दोन्हीकडे संहिता मात्र सर्वांसाठी खुली होती.

ॲन्सिबलमधील नवी वैशिष्ट्ये : या साधनाच्या आवृत्त्या काळजीपूर्वक पाहिल्या असता सोय व धोका यांची सांगड कशी घातली गेली, हे कळून येते. मांडणी लिखित झाल्यावर गुप्त परवलीचे शब्दही त्याच लेखात येऊ लागले व लेखाची प्रत ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते शब्दही जाऊ लागले. यावर २०१४ मध्ये व्हॉल्ट ही सांकेतिक लेखनाची सोय आली. एकाच आज्ञेने सर्व सर्व्हर बदलता येऊ लागल्यावर एका चुकीने सर्व सर्व्हर बंद पडण्याची भीती निर्माण झाली. म्हणून यंत्रे थोड्या थोड्या गटांनी बदलणे, ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक यंत्रांवर अपयश आल्यास पुढील काम थांबविणे आणि प्रत्यक्ष बदल न करता ‘काय बदलेल’ एवढेच दाखविणे, या सोयी उपलब्ध झाल्या. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत अनेक कृतींचा गट करून, त्यात बिघाड झाल्यास कोणता पर्यायी मार्ग घ्यावा व शेवटी कोणते काम निश्चितपणे करावे, हे लिहिता येऊ लागले.

यशामुळेही एक अडचण निर्माण झाली. निरनिराळ्या प्रणाली व उपकरणे यांसाठी लोकांनी लिहिलेले घटक मूळ साधनात समाविष्ट होत गेले आणि २०१९ मधील २.९ या आवृत्तीपर्यंत त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक झाली. गाभ्याची देखभाल करणाऱ्या मोजक्या लोकांना एवढ्या घटकांची तपासणी करणे अशक्य झाले. शिवाय एखाद्या लहानशा घटकातील दुरुस्तीसाठी संपूर्ण साधनाच्या पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. त्यामुळे सप्टेंबर २०२० मधील २.१० या आवृत्तीपासून गाभा वेगळा करण्यात आला व बाकीचे घटक स्वतंत्र संग्रहांत विभागण्यात आले. प्रत्येक संग्रहाची आवृत्ती व त्याचे देखभालकर्ते वेगळे असतात. या बदलाने गाभा सुटसुटीत झाला. परंतु कोणत्या गाभ्यासोबत कोणता संग्रह चालतो, याचा हिशेब वापरकर्त्याला ठेवावा लागू लागला. त्यावर उपाय म्हणून २०२१ पासून साधन, संग्रह व त्यांना लागणाऱ्या सर्व आज्ञावल्या एका बंदिस्त संचात बांधून वापरण्याची पद्धत पुढे आली.

२०२२ मध्ये घटनाधारित कार्यपद्धतीची प्राथमिक आवृत्ती आली व २०२३ मध्ये ती सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली. तीत ‘अमुक घटना घडली व अमुक अट पूर्ण झाली, तर अमुक कृती करावी’ असे नियम लिहितात. साठवणीची जागा संपत आल्याची सूचना मिळताच जुन्या नोंदी हलविणे, हे त्याचे एक सोपे उदाहरण होय. येथे प्लेबुक चालविण्याचा निर्णय माणसाने त्या क्षणी घेतलेला नसतो. तो नियम लिहिताना आधीच घेतलेला असतो. नियम चुकीचा असेल, तर यंत्रणा स्वतःच्याच कृतीने निर्माण झालेल्या घटनेला पुन्हा उत्तर देत राहण्याचा संभव असतो. २०२३ मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्लेबुकचा मजकूर सुचविणारी सेवाही सुरू झाली. अशा मजकुराची तपासणी करण्याची जबाबदारी अर्थातच वापरणाऱ्याची असते.

जुलै २०२५ मध्ये आलेली गाभ्याची २.१९ ही आवृत्ती या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. प्लेबुकमधील काही मजकूर साधन चालते वेळी मूल्ये भरून पूर्ण करते. पूर्वी संशयास्पद मजकुरावर तसा शिक्का मारला जाई व बाकीचा विश्वासार्ह मानला जाई. नव्या आवृत्तीत हे उलट झाले : स्पष्टपणे विश्वासार्ह ठरविलेलाच मजकूर आज्ञेप्रमाणे विचारात घेतला जातो, दूरच्या यंत्राकडून आलेला मजकूर केवळ माहिती म्हणून राहतो. घुसखोराने ताब्यात घेतलेले एखादे यंत्र आपल्या उत्तरातून आज्ञा पेरू शकेल, हा धोका त्यामुळे कमी होतो. प्रत्येक मूल्य कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीतून आले, याची खूणही त्या मूल्याबरोबर राहते. तसेच अटीचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच असले पाहिजे, असा नियम झाला. पूर्वी कोणताही रिकामा नसलेला मजकूर होकार मानला जाई. या कडकपणामुळे वर्षानुवर्षे चालत आलेली अनेक प्लेबुके अडली. तथापि त्यांपैकी काही आधीपासूनच चुकीची होती, केवळ चूक लपलेली होती, हेही त्यामुळे उघड झाले.

चुकीची व्याप्ती : विन्यासातील दोषाचे परिणाम किती मोठे असू शकतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलालसंस्थेचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी शेअरबाजारातील व्यवहारांसाठी नवी आज्ञावली वापरात आणताना तिच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर ती बसविली गेली. आठव्यावर जुनीच राहिली. जुन्या आज्ञावलीतील, वापरातून गेलेला एक भाग नव्या संकेताने जागा झाला व सु. ४५ मिनिटांत लक्षावधी चुकीचे सौदे झाले. संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला व पुढील वर्षी तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. आठ यंत्रे एकसारखी आहेत काय, हे तपासणारी व्यवस्था तेथे नव्हती.

याच्या उलट प्रकारचा, म्हणजे सर्व यंत्रे एकाच वेळी एकाच चुकीने सारखी होण्याचा धोका १९ जुलै २०२४ रोजी दिसून आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष फाइल एकाच वेळी जगभर वाटली गेली व सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रके द्यावी लागली. ही आज्ञावली विन्यास व्यवस्थापनाच्या मुक्तस्रोत साधनांपैकी नव्हे. पण टप्प्याटप्प्याने बदल करण्याचे तत्त्व तिलाही लागू होते. विन्यासाचे साधन सर्व यंत्रांच्या किल्ल्या बाळगते, त्यामुळे त्यातील दोष अधिकच गंभीर ठरतो. एप्रिल २०२० च्या अखेरीस सॉल्टमधील असे दोष प्रसिद्ध झाले. दुरुस्ती उपलब्ध असूनही ज्यांनी ती तत्काळ केली नव्हती, अशा काही संस्थांच्या सर्व्हरांत काही दिवसांतच घुसखोरी झाली.

मालकीचा प्रश्न : ही साधने मुक्तस्रोत असली, तरी त्यांच्या विकासाचा खर्च बहुधा एखादी कंपनी करीत आली आहे आणि या कंपन्यांची मालकी वारंवार बदलली आहे. सॉल्टमागील कंपनी २०२० मध्ये व्हीएमवेअरने घेतली व २०२३ मध्ये व्हीएमवेअर स्वतः ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. शेफ २०२० मध्ये प्रोग्रेस या कंपनीकडे, तर पपेट २०२२ मध्ये परफोर्सकडे गेले. पपेटचे वापरास तयार संच यापुढे खुलेपणाने मिळणार नाहीत, असे परफोर्सने २०२४ च्या अखेरीस जाहीर केल्यावर वापरकर्त्यांच्या समुदायाने मूळ संहितेवरून २०२५ च्या प्रारंभी ओपनव्हॉक्स ही स्वतंत्र शाखा सुरू केली. दूरस्थ यंत्रे उभारण्याच्या टेराफॉर्म या निकटच्या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, तेव्हाही ओपनटोफू ही शाखा अशीच निर्माण झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेराफॉर्मची कंपनी आयबीएमने घेतल्याने ॲन्सिबल व टेराफॉर्म यांचे पालकत्व एकाच उद्योगसमूहाकडे आले. मुक्त परवान्यामुळे वापरकर्त्यांना वेगळे होण्याचा हक्क मिळतो; मात्र तो हक्क बजावण्यास पुरेसे जाणकार व सवड असलेले लोक असावे लागतात.

नवी मुंबई परिसर : मुंबईवरील भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याच्या हेतूने सिडको हे महामंडळ १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले. त्याने आखलेल्या वसाहतींपैकी कामोठे ही रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, शीव-पनवेल महामार्गालगतची वसाहत होय. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत तिचा समावेश होतो. हार्बर रेल्वेमार्गावरील मानसरोवर हे तिचे स्थानक आहे. कामोठे ही मुख्यतः निवासी वसाहत असली, तरी ती संगणकीय सेवांच्या एका मोठ्या पट्ट्यात वसलेली आहे. याच रेल्वेमार्गावर खारघर येथे सी-डॅकचे केंद्र, बेलापूर येथे भारतीय स्टेट बँकेचे जागतिक माहिती-तंत्रज्ञान केंद्र आणि खाडी ओलांडल्यावर मानखुर्दच्या पुढे ट्रॉम्बेचा परिसर आहे. उत्तरेस महापे, रबाळे व ऐरोली या भागांत अनेक माहिती-केंद्रे आहेत. दक्षिणेस पनवेलजवळ योट्टा या कंपनीचे एनएम १ हे माहिती-केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता ७,२०० मांडण्यांची व ५० मेगॅवॉट विजेची सांगण्यात आली. मुंबईच्या किनाऱ्यावर येणारे समुद्रतळावरील तारमार्ग व वित्तसंस्थांचे सान्निध्य ही या भागात अशी केंद्रे एकवटण्याची प्रमुख कारणे होत.

एवढ्या यंत्रांची मांडणी हाताने करणे शक्य नाही. कामोठ्यातील एखाद्या दुकानात यूपीआयद्वारे वीस रुपये देताना देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक व भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ यांचे अनेक सर्व्हर काही सेकंदांत परस्परांशी बोलतात. त्यांतील एखाद्याची आवृत्ती किंवा प्रमाणपत्र मागे राहिले, तर व्यवहार अडतो व पैसे मध्येच अडकल्याची तक्रार ग्राहक करतो. मागे राहिलेले ते यंत्र शोधणे व मुळात ते मागे राहू न देणे, हे विन्यास व्यवस्थापनाचे काम होय.

समालोचन : विन्यास व्यवस्थापनाच्या पुढील वाटचालीत कधी कधी यंत्र दुरुस्त न करता ते टाकून नवे उभारण्याची पद्धतही रूढ झाली आहे. २०१३ मधील डॉकर व २०१४ मधील कुबरनेटीस यांनी तिचा प्रसार केला. नेदर्लंड्समध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या निक्स या प्रकल्पाने संपूर्ण प्रणाली एका वर्णनावरून पुन्हा जशीच्या तशी घडविण्याचा मार्ग दाखविला. तरीही ज्या यंत्रांवर ही सर्व रचना उभी असते, त्या यंत्रांची मांडणी कोणीतरी करावीच लागते आणि तेथे जुनी साधने कायम आहेत.

या साधनांनी व्यवस्थापकाचे कसब त्याच्या स्मरणातून काढून लेखात आणले. लेख वाचता येतो, त्यावर आक्षेप घेता येतो, तो उत्तराधिकाऱ्याच्या हाती देता येतो. मात्र लेख केवळ अस्तित्वात असल्याने सुरक्षितता येत नाही. तो वाचणारे, बदलापूर्वी तपासणारे व गरज पडल्यास वेगळी शाखा चालविणारे लोक लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्रातील व पुण्यातील कामावरून असे लोक महाराष्ट्रात होते व आहेत, हे दिसून येते. या विषयाचे शिक्षण मात्र बहुधा नोकरीत पडल्यावरच मिळते. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आज्ञावली लिहिण्यास जेवढे स्थान आहे, तेवढेच ती चालविणाऱ्या यंत्रांच्या मांडणीसही मिळणे आवश्यक आहे. कारण बँका, रुग्णालये व रेल्वे यांचा दैनंदिन व्यवहार आज त्या मांडणीवर अवलंबून आहे.